एक्सकोडमधून साइन होतं, जेनकिन्समधून होत नाही

वागळे_२२
वागळे इस्टेटमधल्या ऑफिसात बिल्डसाठी एक मॅक मिनी ठेवलाय. अ‍ॅप रिअ‍ॅक्ट नेटिव्हमध्ये, आयओएस आणि अँड्रॉइड दोन्ही. जेनकिन्सचा (आपोआप बिल्ड करणारं सॉफ्टवेअर) एजंट लाँचएजंट म्हणून (युजर लॉगिन झाल्यावर मॅक स्वतः सुरू करतो तो प्रोग्रॅम) चालवला तर बिल्ड कोडसाइनपाशी (डिजिटल सही करणारी कमांड) येऊन नुसती उभी राहते, लॉग पुढे सरकत नाही. एसएसएचने (नेटवर्कवरून कमांडलाइन जोडणी) जोडला तर त्याच जागी ‘एररसेक-इंटर्नल-कॉम्पोनंट’ देऊन लगेच फेल. त्याच मशीनवर एक्सकोड (आयओएस बिल्डचं सॉफ्टवेअर) उघडून हाताने आर्काइव्ह (वितरणाची बिल्ड) केलं तर बिनबोभाट होतं. डिस्ट्रिब्युशन सर्टिफिकेट नवीन काढून पाहिलं, फरक नाही. आणखी एक काढू का?

ऐरोलीकर
नको! सर्टिफिकेटांच्या संख्येला अ‍ॅपलची मर्यादा आहे. ती भरली की जुनं रद्द करावं लागतं आणि त्यावर बांधलेले प्रोव्हिजनिंग प्रोफाइल (सर्टिफिकेट आणि बंडल आयडी जोडणारी फाइल) बाद होतात. तुमचं सर्टिफिकेट ठीक आहे, नाहीतर एक्सकोडमधूनही झालं नसतं.

दोन्ही लक्षणांचं मूळ एकच. प्रायव्हेट की (सर्टिफिकेटची गुप्त जोडी) लॉगिन कीचेनमध्ये (मॅकची पासवर्ड आणि की ठेवायची तिजोरी) आहे आणि ती न विचारता वापरायची परवानगी कोडसाइनला नाही. लाँचएजंट लॉगिन केलेल्या युजरच्या सेशनमध्ये चालतो, त्यामुळे स्क्रीनवर पासवर्ड मागणारी खिडकी उघडते आणि कुणी बटण दाबेपर्यंत बिल्ड ताटकळते. एसएसएचला खिडकी उघडायला जागाच नाही, म्हणून थेट एरर.

लॉगिन कीचेनच्या नादी न लागता जॉबमध्येच वेगळी कीचेन बनवा. ‘सिक्युरिटी’ कमांडचे क्रम असे: क्रिएट-कीचेन, मग सेट-कीचेन-सेटिंग्ज, मग अनलॉक-कीचेन, मग पी-१२ फाइल (सर्टिफिकेट आणि प्रायव्हेट की एकत्र) इम्पोर्ट. इम्पोर्ट करताना कॅपिटल टीचा ऑप्शन देऊन कोडसाइनचा पाथ द्या. कॅपिटल ए देऊ नका, त्याने कुठल्याही प्रोग्रॅमला की खुली होते.

बहुतेक जण इथेच थांबतात आणि अडकतात. २०१६ च्या मॅकओएस सिएरापासून एवढं पुरत नाही. इम्पोर्टनंतर सेट-की-पार्टिशन-लिस्ट (की न विचारता कोण वापरेल याची यादी) चालवावंच लागतं, त्यात अ‍ॅपल-टूल, अ‍ॅपल आणि कोडसाइन ही तीन नावं: प्रत्येकानंतर कोलन, मध्ये स्वल्पविराम, स्पेस नाही. पासवर्ड कीचेनचा द्यायचा, पी-१२ चा नाही. शेवटी लिस्ट-कीचेन्सने नवी कीचेन शोधयादीत घाला. ही कमांड अख्खी यादी बदलते, म्हणून लॉगिन कीचेनचं नावही सोबत लिहा.

सेटिंग्जची पायरी गाळू नका. नवी कीचेन ३०० सेकंदांनी आपोआप लॉक होते. लहान बिल्ड पाच मिनिटांच्या आत साइन होते, मोठं आर्काइव्ह होत नाही, कारण साइनिंग शेवटी येतं; मग ‘कधी चालतं, कधी नाही’ असा घोळ दिसतो. टाइमआउट २१६०० सेकंद ठेवा, म्हणजे सहा तास. जॉब फेल झाला तरी जी चालतेच अशा पोस्ट स्टेपमध्ये डिलीट-कीचेन टाका.

महापे_नाका
वरच्यात भर. इम्पोर्टनंतर फाइंड-आयडेंटिटी चालवून लॉगमध्ये छापा. ‘० व्हॅलिड आयडेंटिटीज’ आलं तर पुढे बिल्ड करून उपयोग नाही. एकतर पी-१२ मध्ये प्रायव्हेट की नाही (नुसती सीईआर फाइल चालत नाही), नाहीतर अ‍ॅपलचं मधलं डब्ल्यूडब्ल्यूडीआर सर्टिफिकेट (आपल्याला त्यांच्या मूळ सर्टिफिकेटशी जोडणारं) मशीनवर नाही. जुनं डब्ल्यूडब्ल्यूडीआर फेब्रुवारी २०२३ मध्ये संपलं, त्याची नवी आवृत्ती जी-३ घ्या.

पी-१२ ओपनएसएसएल ३ ने बनवली असेल तर मॅक ‘पासवर्ड चुकला का?’ असं विचारतो, पासवर्ड बरोबर असूनही. एन्क्रिप्शन मॅकला नवं पडतं. एक्सपोर्ट करताना ‘लेगसी’ ऑप्शन द्या.

वागळे_२२
पार्टिशन लिस्टच राहिली होती. साइनिंग सुरू झालं, धन्यवाद! आता पॉड्सचे (बाहेरच्या लायब्ररींचे) टार्गेट ओरडतायत, ‘प्रोव्हिजनिंग प्रोफाइल सपोर्ट करत नाही’. शिवाय लाईट जाऊन आली की एजंट ऑफलाइन राहतो. अँड्रॉइडची कीस्टोअर फाइलही (साइनिंग की असते ती) जेनकिन्सच्या सीक्रेटमध्ये हलवायचीय.

ऐरोलीकर
एक्सकोडबिल्डच्या कमांडलाइनवर प्रोफाइलचं नाव दिलंय ना? तिथली सेटिंग प्रत्येक टार्गेटला लागते, पॉड्सनाही. ती काढून फक्त अ‍ॅपच्या टार्गेटमध्ये मॅन्युअल साइनिंग आणि प्रोफाइल ठेवा. एक्स्पोर्ट-ऑप्शन्सच्या पीलिस्टमध्ये प्रत्येक बंडल आयडीसमोर त्याचा प्रोफाइल लिहा. नोटिफिकेशन एक्स्टेन्शन असेल तर त्याचा बंडल आयडी वेगळा, प्रोफाइलही वेगळा. हे हमखास राहून जातं. आणि एक्सकोड १६ पासून प्रोफाइल ठेवायचं फोल्डर बदललंय, जुन्या स्क्रिप्टमधला पाथ तपासा.

खारेगाव_टोल
फास्टलेन टूलचं मॅच वापरा की राव, प्रोफाइल आणि सर्टिफिकेट दोन्ही एन्क्रिप्ट होऊन प्रायव्हेट रेपोत राहतात.

ऐरोलीकर
चार मॅक असते तर मीही तेच म्हटलं असतं. एका अ‍ॅपसाठी, एका मिनीसाठी अजून एक रेपो आणि अजून एक पासफ्रेज सांभाळण्यात अर्थ नाही.

महापे_नाका
लाईटचं: ‘वीज आल्यावर आपोआप सुरू हो’ ही सेटिंग चालू करा. पण फाइलव्हॉल्ट (मॅकचं डिस्क एन्क्रिप्शन) चालू असेल तर मशीन डिस्कच्या पासवर्डपाशी थांबतं आणि ऑटो-लॉगिनही मिळत नाही. लाँचएजंट लॉगिन झाल्याशिवाय उठत नाही. आता कीचेन जॉबमध्येच बनतेय, तेव्हा एसएसएच एजंटवर जा, लॉगिनची गरजच उरत नाही. फाइलव्हॉल्ट मात्र बंद करावं लागेल, म्हणजे मिनी कुलपाच्या खोलीत हवा.

अँड्रॉइड: फाइल बेस-६४ (साधा मजकूर) करून टाकणार असाल तर लिनक्सवर ‘डब्ल्यू ०’ द्या, नाहीतर दर ७६ अक्षरांनी ओळ तुटते आणि सीक्रेट पेस्ट करताना घोळ होतो. जेनकिन्समध्ये ‘सीक्रेट फाइल’ हा प्रकार आहे, त्यात ही कटकटच नाही. सीक्रेटमध्ये फक्त अपलोड की (प्लेवर चढवताना सही करायची) ठेवा. प्ले अ‍ॅप साइनिंग चालू असेल तर खरी साइनिंग की गूगलकडे असते, आणि अपलोड की हरवली तर प्ले कन्सोलमधून रीसेट मागता येते. गूगल साइन-इन प्लेवरून उतरवलेल्या अ‍ॅपमध्येच बंद पडत असेल तर एसएचए-१ ठसा अपलोड कीचा नोंदवलाय. कन्सोलमधल्या अ‍ॅप साइनिंग कीचाही टाका.