मदत हवी आहे : पूर्ण वर्ग त्रिपदीतलं हरवलेलं पद

यवतमाळकडच्या गावात संध्याकाळी दहावीच्या पोरांना गणित शिकवतो. वर्गसमीकरणं सुरू आहेत, त्यात पूर्ण वर्ग पद्धतीवर गाडी अडली आहे : तीन पदांची राशी (त्रिपदी) दोन पदांच्या बेरजेचा किंवा वजाबाकीचा वर्ग व्हावी म्हणून चौकटीत (□) हरवलेलं पद भरायचं.

क्ष² + १०क्ष + □ सगळ्यांना येतं. १० चं अर्धं ५, वर्ग २५. पण ४क्ष² + १२क्ष + □ दिलं की तीच सवय : १२ चं अर्धं ६, वर्ग ३६. बरोबर उत्तर ९ आहे.

आधी ४ ने भागायला लावून पाहिलं. क्ष² + ३क्ष, म्हणून ९/४. मग परत ४ ने गुणायचं विसरतात आणि चौकटीत ९/४ लिहून मोकळे होतात. चौकटीच्या कागदावर आकृतीही काढली : २क्ष बाजूचा चौरस, दोन बाजूंना प्रत्येकी ६क्ष क्षेत्रफळाच्या पट्ट्या, कोपरा रिकामा. पट्टीची लांबी २क्ष, म्हणून रुंदी ३, कोपरा ९. हे हुशार पोरींना लगेच पटलं, बाकीचे ६ लाच धरून बसतात.

मधल्या पदाचा वर्ग भागिले पहिल्या पदाची चौपट, म्हणजे १४४क्ष² ÷ १६क्ष² = ९, हे सूत्र मला माहीत आहे. पाठ करून घेतलं तर मार्क मिळतील, पण ते कुठून आलं हे त्यांना कळायला पाहिजे असं मला मनापासून वाटतं.

रेंज नसते, म्हणून व्हिडिओ नको. फळा, खडू, वही एवढंच आहे. पोरं कापूस वेचून थकून येतात, तासभरच मिळतो.

शिकवणाऱ्यांनी सांगा जी, (अ + ब)² = अ² + २अब + ब² मधल्या २अब वरून ब काढायची सवय कोणत्या क्रमाने लावता? आणि ९क्ष² + □ + १६ मध्ये २४क्ष व −२४क्ष दोन्ही लिहायला त्याच वेळी सांगायचं की नंतर?