भावाचा थकलेला आयकर आणि आईचं राहतं घर: मदत हवी आहे

नमस्कार मंडळी. माझ्या थोरल्या भावाचं भोसरीत स्वतःच्या एकट्याच्या नावावर वर्कशॉप होतं. धंदा बंद पडला, पण जुन्या वर्षांचा आयकर, व्याज आणि दंड मिळून मोठी रक्कम थकली आहे. आता वसुलीची नोटीस कोथरूडच्या घरी आली.

हे घर वडिलांनी स्वतःच्या कमाईतून घेतलं. ते मृत्युपत्र न करता गेले, त्यामुळे हिंदू वारसा कायदा १९५६ प्रमाणे आई, दादा आणि मी, तिघांचा सारखा हिस्सा. वाटणी झालेली नाही. आई ७४ वर्षांची, तिथेच राहते.

नातेवाईक म्हणतात, दादाकडून पटकन हक्कसोडपत्र करून घ्या. मला ते अजिबात पटत नाही. आयकर कायदा १९६१ च्या कलम २८१ नुसार, कर थकलेला असताना केलेलं हस्तांतर खात्याच्या दाव्यापुढे निरर्थक ठरू शकतं, आणि विनामोबदला सोडलेला हक्क तर लगेच डोळ्यांवर येईल. शिवाय थकबाकी दादाची आहे, आईच्या हिश्श्याची नाही. हेच ठामपणे मांडायचं आहे.

त्याच कायद्याच्या दुसऱ्या अनुसूचीतल्या नियम ११ खाली सहहिस्सेदार म्हणून कुणी जप्तीवर हरकत घेतली आहे का? जप्तीआधीच लेखी कळवलेलं बरं का? खात्याची पूर्वपरवानगी काढून, योग्य मूल्यांकनाने दादाचा हिस्सा मी विकत घ्यावा आणि ती रक्कम थेट करात भरावी, हे जमतं का? हप्ते मागताना काय दाखवावं लागतं?

खरेदीखत, मिळकत पत्रिका, वडिलांचा मृत्यू दाखला काढून ठेवलाय. वकिलाकडे जाताना आणखी काय न्यावं?