म्हणे रशियन कृतघ्न!

रविवारपेठी: 'सोव्हिएत संघाचे शेवटचे अध्यक्ष गोर्बाचेव यांनी जग वाचवलं आणि कृतघ्न रशियनांनी १९९६ ला अध्यक्षपदाच्या निवडणुकीत त्यांना अर्धा टक्का मतं दिली', ही इथली कालची पोस्ट वाचून डोकं फिरलं. अहो, १९८७ चे 'टाइम'चे मॅन ऑफ द इयर, १९९० चं नोबेल, पश्चिम जर्मनीत 'गोर्बी, गोर्बी'चा गजर, वॉशिंग्टनमध्ये गाडी थांबवून लोकांशी हात मिळवणं, हे सगळं परदेशी कॅमेऱ्यांपुढचं. १९८९ ला कोळशाच्या खाणीतले कामगार संपावर गेले तेव्हा त्यांच्या मागण्यांत साबण होता. साधा अंघोळीचा साबण! तो कोणी मुखपृष्ठावर छापला? छायाचित्रं बघून तुम्ही प्रेमात पडा, पण साबणावाचून राहिलेल्यांना शिव्या कशाला?

तर्कटराव: बचत बुडाली ती जानेवारी १९९२ मध्ये, रशियाचे अध्यक्ष येल्त्सिन यांनी सरकारी बंधन काढून भाव मोकळे सोडल्यावर. राग मात्र गोर्बाचेववर. आणि १९९६ ला रशियन वाहिन्यांनीच येल्त्सिनचा उघड प्रचार केला होता. घरच्या टीव्हीने लोकांची मतं घडत नाहीत वाटतं?

रविवारपेठी: येल्त्सिनच्या आधीचंही वाचा की राव. जानेवारी १९९१. रात्री टीव्हीवर घोषणा, ५० आणि १०० रुबलच्या नोटा बाद, बदलून घ्यायला तीन दिवस. गादीवर कोण होतं तेव्हा?

भोचकभवानी: रात्री टीव्हीवर, नोटा बाद... कुठंतरी ऐकलंय बाई हे!

तर्कटराव: झालं! आता धागा नोटबंदीवर.

भोचकभवानी: जाऊ दे की. नोव्हेंबर २०१६, घरात नणंदेचं लग्न. मंडपवाला चेक घेईना, आचारी तर फोनच उचलेना. मी बँकेच्या रांगेत, आणि अमेरिकेतून दिरांचा फोन, 'वहिनी, काय क्रांती झालीय तिकडे!' म्हटलं भावजी, या, माझ्या जागी उभे राहा.

निमूट: आमच्याकडे उलट. लंडनच्या मावशीने तिकडच्या बातम्या बघून विचारलं, 'खायला मिळतंय ना तुम्हाला?' आम्ही मिसळ चापत होतो. पैसे उधार, पण मिसळ खरी.

तर्कटराव: मिसळ खाल्ली म्हणजे लोकांना त्रास झाला नाही, असं का?

निमूट: असं मी कुठं म्हटलं? तुम्हाला भांडायचंच असेल तर भांडा.

भोचकभवानी: उधारी जमली म्हणून तोरा! आमच्या आचाऱ्याने शेवटी जुन्या नोटाच मागितल्या, त्याही जास्तीच्या. देतोय कोण!

बाल्टिकवारी: लग्नं आटोपली असतील तर बोलू? नोबेल जाहीर होऊन तीन महिने झाले होते. सोव्हिएत संघातून फुटू पाहणाऱ्या लिथुआनियाच्या राजधानीत, व्हिल्नियसला, टीव्ही टॉवरवर सोव्हिएत रणगाडे गेले, माणसं मेली. गोर्बाचेव म्हणाले, हुकूम माझा नव्हता. लिथुआनियात हे कोणाला पटवता?

तर्कटराव: बरं बाबा, 'कृतघ्न' जरा जास्त झालं. तशी ती पोस्ट माझी नव्हतीच. पण १९८९ ला बर्लिनची भिंत पडताना त्यांनी सैन्य बराकीतच ठेवलं, हीही कॅमेऱ्याची करामत का?

रविवारपेठी: नाही, ते खरंच. पण भिंतीची चित्रं दर नोव्हेंबरला दाखवतात. व्हिल्नियसची तुम्ही शेवटची कधी पाहिलीत?

तर्कटराव: तुम्ही तरी साबणाची कधी पाहिलीत?

भोचकभवानी: निमूटराव, मिसळीची उधारी फिटली का?