उत्तर: निधीचा विषय – विम्याचे हप्ते की आरोग्य केंद्राला साहित्य?

जिभाऊ, एडिसन

मंडळी, राम राम.

परदेशातल्या आपल्या मंडळाचा निधी कशावर खर्चायचा, यावरच्या समितीच्या टिपणात ‘सातपुड्यातल्या आरोग्य केंद्रांना साहित्य’ असा प्रस्ताव आहे. त्याला माझा विरोध नोंदवून ठेवा. सरकारने दवाखाने स्वतः चालवलेच पाहिजेत, हा हट्ट मला पटत नाही. सरकारने पैसे भरावेत. दवाखाना कुणाचा का असेना. इथलं, अमेरिकेतलं मेडिकेअर बघा. १९६५ साली कायदा झाला, ६५ वर्षांवरच्यांच्या उपचारांचा मोठा खर्च सरकार उचलतं, पण मेडिकेअरच्या मालकीचं एकही हॉस्पिटल नाही. दर सरकार ठरवतं, रुग्ण हवं तिथे जातो.

आपल्याकडे जनआरोग्य योजनेत हेच केलं. २०१२ मध्ये ती राजीव गांधी जीवनदायी या नावाने आली, तेव्हा पहिल्या आठ जिल्ह्यांत धुळे होतं. २०१७ पासून ती महात्मा फुल्यांच्या नावाने चालते. दीड लाखाचं कवच पाच लाखांवर गेलं आणि पिवळ्या-केशरीबरोबर पांढरं रेशनकार्डही आत आलं. ज्यांच्याकडे कार्डच नाही किंवा कार्डावर नाव नाही, अशा कुटुंबांचे खासगी विम्याचे हप्ते मंडळाने भरावेत. डॉक्टर नसलेल्या इमारतीत नवी मशिनं ठेवून ती गंजण्यापलीकडे काय होणार?

नाना, लेस्टर

जिभाऊ, तुम्ही अमेरिकेची गोष्ट मधून सुरू केलीत. मेडिकेअर १९६५ चं, पण त्याआधी १९४६ चा हिल-बर्टन कायदा आहे. त्या अनुदानातून लहान गावांत, ग्रामीण काउंटीत हॉस्पिटलं उभी राहिली. म्हणजे आधी सरकारच्या पैशाने भिंती आणि खाटा, मग सरकारच्या पैशाने बिलं. तरी ग्रामीण हॉस्पिटलं बंद पडतच राहिली, म्हणून १९९७ मध्ये लहान, दुर्गम हॉस्पिटलांसाठी वेगळा वर्ग काढावा लागला. आज त्याची मर्यादा २५ खाटा आहे. त्यांना मेडिकेअर ठरीव दराने नाही, झालेल्या खर्चाच्या हिशेबाने पैसे देतं. कारण उघड आहे. दर रुग्णामागे मिळतो, पण रात्रपाळीची नर्स, ऑक्सिजन आणि जनरेटर यांचा खर्च रुग्ण आला नाही तरी होतो.

इंग्लंडचं गुणगान करायला मी बसलेलो नाही. ५ जुलै १९४८ ला एनएचएस, म्हणजे इथली सरकारी आरोग्यसेवा, सुरू झाली, तरी जीपींचे, म्हणजे फॅमिली डॉक्टरांचे, बहुतेक दवाखाने आजही सरकारी नाहीत. नोंदलेल्या माणशी ठरलेली रक्कम घेणाऱ्या कंत्राटी व्यावसायिकांचे आहेत. ठरवून केलेल्या उपचारांसाठी ९२ टक्के रुग्णांनी १८ आठवड्यांपेक्षा जास्त थांबू नये असं मानक आहे, आणि २०१६ पासून ते देशपातळीवर गाठलं गेलेलं नाही. रांग ही इथली किंमत. पण गुडघ्याच्या ऑपरेशनची रांग वेगळी आणि छातीत कळ आल्यावर गाडी येते की नाही हा प्रश्न वेगळा.

आता तुमच्या हप्त्यांबद्दल. भारतातल्या साध्या पॉलिसीत पहिले ३० दिवस अपघात सोडून काही मिळत नाही. आधीपासूनच्या आजाराला तीन वर्षांपर्यंत थांबावं लागतं. बाळंतपण बहुतेक साध्या पॉलिसींत नसतंच. ओपीडी नाही. त्यावर ‘रुग्णालय’ म्हणजे काय, याचीही व्याख्या आहे: कायद्याखाली नोंदलेलं रुग्णालय, नाहीतर दहा लाखांखालच्या वस्तीच्या गावात किमान १० खाटा, चोवीस तास नर्स, सुसज्ज ऑपरेशन थिएटर. नंदुरबारच्या डोंगरात, धडगाव-मोलगीकडे अशी खासगी रुग्णालयं कुठून काढणार? हप्ता भरायचा मंडळाने, आणि क्लेम मात्र कधी लागायचाच नाही.

(आई-वडील व्हिजिटर व्हिसावर इंग्लंडला येणार असतील तर प्रवासविमा घ्याच. जीपीची तपासणी फुकट असते, पण दाखल झाल्यावर ठरलेल्या दराच्या १५० टक्के बिल लागतं. हे विषयाबाहेर आहे, पण दर उन्हाळ्यात कुणीतरी विचारतंच.)

ताई, धुळे

दोन्ही पत्रं वाचली. इथून जसं दिसतं तसं लिहिते.

जिभाऊ, जनआरोग्य योजना चांगली आहे, तिला नावं ठेवणार नाही. हृदयाची झडप, मूत्रपिंडातला खडा, कॅन्सरची केमो, यासाठी लोकांची शेतं विकायची वाचली. पण ती चालते कशी ते बघा. रुग्ण अंगीकृत, म्हणजे योजनेत घेतलेल्या, रुग्णालयात पोचला पाहिजे. तिथल्या आरोग्यमित्राकडे, म्हणजे योजनेच्या माणसाकडे, रेशनकार्ड आणि ओळखपत्र द्यायचं. डॉक्टर पॅकेज ठरवणार, कागद ऑनलाइन चढणार, पूर्वपरवानगी येणार, मग ऑपरेशन. तातडीच्या वेळी फोनवर कळवून सुरुवात करता येते, कागद नंतर. यात अडतं ते बहुतेक तीन ठिकाणी. आधारवर ‘सुकलाल’ आणि रेशनकार्डावर ‘शुकलाल’. सुनेचं नाव माहेरच्या कार्डावरून कमी झालं, पण सासरच्या कार्डावर चढलेलं नाही. आणि रुग्णालय अंगीकृत आहे, पण त्या विशेषज्ञतेसाठी नाही. चौथं, ज्याचा राग येतो ते म्हणजे परवानगी येण्याआधी ‘तपासण्यांचे’ म्हणून रोख घेतले जातात. तिथे पावती मागायची आणि १५५३८८ वर तक्रार नोंदवायची. नुसतं पावती मागितल्यावरही बऱ्याचदा सूर बदलतो. ज्यांचं कार्डावर नाव नाही त्यांचा हप्ता भरण्यापेक्षा तहसीलच्या पुरवठा शाखेत त्यांचं नाव चढवून घेणं स्वस्त पडतं आणि ते कायमचं होतं.

पण हे सगळं शहरात पोचल्यानंतरचं. अंगीकृत खासगी रुग्णालयं जळगाव, धुळे, भुसावळ अशा ठिकाणी. माणूस मरतो तो त्याच्या आधी.

साप घ्या. रावेर-यावलच्या केळीत थ्री-फेज लाइट रात्रीचा आला की पाणी भरायला रात्रीच जावं लागतं. पायाला घोणस चावली. आता घड्याळ सुरू. पुढचं काम मोठ्या हॉस्पिटलचं नाही, प्राथमिक आरोग्य केंद्राचं आहे. शिरेतून दोन मिली रक्त काढायचं, काचेच्या स्वच्छ, कोरड्या नळीत घालायचं, वीस मिनिटं न हलवता ठेवायचं आणि मग एकदाच कलती करून बघायचं. रक्त गोठलं नसेल तर विष रक्तात उतरलंय. प्रतिविष, म्हणजे एएसव्ही, द्यायचं. सुरुवातीला ८ ते १० व्हायल सलाइनमधून साधारण तासाभरात, सहा तासांनी नळीची चाचणी पुन्हा. एएसव्हीची उलट प्रतिक्रिया येऊ शकते, म्हणून ॲड्रेनॅलिन आधी सिरिंजमध्ये भरून हाताशी ठेवायचं: मोठ्या माणसाला अर्धा मिलिग्रॅम, मांडीच्या स्नायूत.

चूक कुठे होते? नळी प्लास्टिकची असते. प्लास्टिकमध्ये ही चाचणी भरवशाची राहत नाही, कारण गोठण्याची क्रिया काचेच्या पृष्ठभागाने सुरू होते. किंवा नळी साबणाने धुतलेली असते, मग चांगलं रक्तही गोठत नाही आणि एएसव्ही उगाच दिलं जातं. औषध असतं, पण नवा डॉक्टर प्रतिक्रियेला घाबरतो आणि ‘पुढे न्या’ असं लिहून मोकळा होतो. पुढे म्हणजे ग्रामीण रुग्णालय, तिथून जिल्हा, तिथून धुळे, नंदुरबारच्या बाजूचे तर थेट सुरत. मण्यार असेल तर आणखी वाईट. खाली झोपलेल्या माणसाला चावते, खूण दिसत नाही, पहाटे पोटात दुखतं, पापण्या जड होतात आणि श्वास बंद पडतो. तिथे अंबू बॅगने, म्हणजे हाताने दाबायच्या फुग्याने, श्वास देत गाडी पुढे नेणारा माणूस लागतो. विम्याचं कार्ड यातल्या कुठल्याच पायरीवर उपयोगाला येत नाही.

भुकटीच्या रूपातलं एएसव्ही फ्रिजशिवाय टिकतं, पातळ स्वरूपातलं २ ते ८ अंशांत ठेवावं लागतं. म्हणून जिथे लाइट जातो तिथे भुकटीच मागवायची. इतकं साधं आहे, पण मागणीपत्र भरणाऱ्याला ते कुणीतरी सांगावं लागतं.

कल्याणकारी राज्याचा आणखी एक नमुना याच शेतात दिसतो. शेतकरी साप चावून दगावला तर गोपीनाथ मुंडे शेतकरी अपघात योजनेत वारसाला दोन लाख मिळतात, त्याच्या घरच्या बिगर-खातेदार एका सदस्यालाही कवच आहे. त्याच बांधावर पाणी भरणारा सालदार भूमिहीन असेल तर या योजनेत तो बसत नाही, कारण सातबाऱ्यावर नाव नाही. ईएसआय, म्हणजे कामगार विमा, नाही, कारण तो कारखान्यात किंवा दुकानात कामाला नाही.

नंदुरबारच्या डोंगरातली गोष्ट याहून लांबची. नियमाने डोंगरी-आदिवासी भागात २० हजार लोकसंख्येला एक प्राथमिक आरोग्य केंद्र आणि ३ हजारांना उपकेंद्र. पण नियम डोकी मोजतो, घाट मोजत नाही. पाड्यावरून बाईला बांबूच्या झोळीत घालून गाडीरस्त्यापर्यंत आणायचं आणि मग १०८. नर्मदेकाठच्या गावांना होडीच. म्हणून माहेरघर काढलं. बाळंतपणाच्या काही दिवस आधी बाईने आरोग्य केंद्राजवळ येऊन राहायचं, जेवण आणि बुडीत मजुरी सरकारने द्यायची. तरी ते रिकामं राहतं. नवरा ऊसतोडीला गुजरातेत, घरी दोन लेकरं आणि शेरडं, त्यांना कुणाकडे टाकून येणार? सोबतच्या बाईचं जेवण मंजूर नसलं की येणं आणखी कमी. आणि मजुरी खात्यावर येते, खातं आधारला जोडलेलं नसलं की पैसा अडकतो. पुढच्या वेळी आशाताईचा शब्द कोण ऐकणार?

म्हणून मी साहित्याच्या बाजूने आहे, पण मशिनांच्या नाही.

जिभाऊ, एडिसन

ताई, सापाचं पटलं. पण तुमच्याच पत्रात माझा मुद्दा आहे. औषध आहे आणि डॉक्टर ‘पुढे न्या’ लिहितो. त्याला कुणी विचारत नाही, कारण पगार ठरलेला. १०८ तर सरकारने ठेकेदारालाच दिली आहे ना? २०१४ पासून. आरोग्य केंद्रही तसंच ठेक्यावर द्या, काम झालं तर पैसे. नाहीतर सरळ रोख द्या. लाडकी बहीणचे १५०० दरमहा खात्यावर पोचतातच.

ताई, धुळे

रोख दिली म्हणून मोलगीत एएसव्ही विकत मिळत नाही. जिथे दुकान नाही तिथे पैशाने काय घ्यायचं?

ठेक्याचं म्हणाल तर १०८ मोजता येते. फोन किती वाजता आला, गाडी किती वाजता पोचली, किती किलोमीटर चालली. आरोग्य केंद्राचं निम्मं काम काहीतरी न होण्याचं आहे. गोवर आला नाही, बाईचं हिमोग्लोबिन सातवर उतरलं नाही, मूल तीव्र कुपोषणात गेलं नाही. दंडघेर साडेअकरा सेंटिमीटरच्या खाली गेलेलं मूल अंगणवाडीताई पट्टीने शोधते. ठेकेदाराला शोधलेल्या मुलामागे पैसे दिले तर मुलं सापडत राहतील. कमी झालेल्या कुपोषणामागे दिले तर पट्टी सैल धरली जाईल. दोन्ही बाजूंनी आकडाच खोटा होतो.

डॉक्टरला जबाबदार धरा, माझी ना नाही. पण डोंगरातला बराच भार भरारी पथकातल्या, म्हणजे पाड्यापाड्यावर फिरणाऱ्या, मानधनावरच्या बीएएमएस डॉक्टरांवर आहे. क्वार्टरला पाणी नाही, मुलांची शाळा शहाद्याला, मानधन वेळेवर नाही. ठेकेदार तरी दुसरा डॉक्टर कुठून आणणार? यांनाच कमी पैशात ठेवणार.

बापू, टोरांटो

वाद छान चाललाय, पण पैसा जाणार कसा ते बघू.

मंडळ परदेशात नोंदलेलं, म्हणजे मंडळाच्या खात्यातला पैसा भारतात ‘विदेशी अंशदान’ ठरतो. घेणाऱ्या संस्थेकडे एफसीआरए, म्हणजे विदेशी अंशदान कायद्याखालची, नोंदणी हवी आणि पैसा दिल्लीच्या स्टेट बँकेच्या मुख्य शाखेतल्या ठरावीक खात्यातच उतरला पाहिजे. २०२० च्या दुरुस्तीनंतर ती संस्था तो पुढे दुसऱ्या संस्थेला देऊ शकत नाही, म्हणजे ‘नाशिकच्या ट्रस्टला द्या, ते धडगावला देतील’ हा मार्ग बंद. प्रशासकीय खर्च २० टक्क्यांच्या आत. रोखीऐवजी वस्तू पाठवली तरी कायदा तोच.

सभासद वैयक्तिक देत असतील तर फरक आहे. भारतीय पासपोर्ट असलेल्याची स्वतःची बचत बँकेतून गेली तर ते विदेशी अंशदान नाही. परदेशी पासपोर्ट आणि भारताचं ओसीआय कार्ड असेल तर आहे. तेव्हा कुणाकडे कुठला पासपोर्ट, हे आधी मला वेगळं कळवा, या सगळ्यांच्या यादीवर नको.

जिभाऊंसाठी एक: कॅनडात १९८४ च्या कायद्याने डॉक्टर आणि हॉस्पिटल फुकट, पण घरी घ्यायच्या गोळ्या त्यात नाहीत. सरकार कुठपर्यंत, ही रेघ प्रत्येकाने कुठेतरी मारलेलीच आहे.

ताई, धुळे

बापू, मग खरेदी इथेच करू. आरोग्य केंद्राच्या रुग्ण कल्याण समितीचा ठराव आधी, वस्तू नंतर, आणि आल्या दिवशी डेड स्टॉक रजिस्टरला, म्हणजे टिकाऊ वस्तूंच्या वहीत, नोंद. नोंद नसली की बंद पडल्यावर दुरुस्तीला पैसा निघत नाही, हे कोविडमध्ये दान आलेल्या ऑक्सिजन कॉन्सन्ट्रेटरांचं झालं. व्होल्टेज कमी, स्टॅबिलायझर नाही, फिल्टर धुळीने भरलेले.

प्रत्येक केंद्रासाठी: अंबू बॅग मोठ्यांची, मुलांची आणि नवजात बाळाची, प्रत्येक मापाचे दोन मास्क. पायाने चालणारा सक्शन पंप, कारण विजेचा नेमका रात्री बंद असतो. बोटाला लावायचे ऑक्सिमीटर, सेलसकट. इन्व्हर्टर देणार असाल तर बॅटरीत पाणी कोण घालणार, त्याचं नाव आधी ठरवा. माहेरघरासाठी सोबतच्या बाईच्या जेवणाचे पैसे, महिन्याच्या महिन्याला. आणि डॉक्टर-नर्सचं एक दिवसाचं सर्पदंश प्रशिक्षण पावसाळ्याआधी, मे महिन्यात. जूनमध्ये पेरणी आणि साप एकदमच येतात.

नळ्या काचेच्याच घ्या. दुकानदार प्लास्टिकच्या दाखवेल, स्वस्त आहेत म्हणेल.

जिभाऊ, एडिसन

रेशनकार्डावर नावं चढवायच्या कामाला माझ्याकडून एका माणसाचं वर्षाचं मानधन धरा. पासपोर्ट अजून भारतीयच आहे. ठेक्याच्या मुद्द्यावर मात्र मी हटलेलो नाही, त्यावर वेगळा धागा काढतो.