चाळीतून टॉवरमध्ये गेलात? तुमचा अनुभव लिहा

तिसरा_मजला

आमची चाळ लालबागची, सेसची म्हणजे दुरुस्तीसाठी उपकर भरणारी जुनी भाड्याची, माझ्या आजोबांच्या लग्नाआधीची. एका मजल्यावर अठरा खोल्या. आमची आणि शेजारच्या तीन चाळी मिळून आता पुनर्विकास ठरतोय. विकासकाने नकाशे आणून तळमजल्याच्या भिंतीला लावलेत. आमच्यासाठी बावीस मजली इमारत आणि तिला लागून बाहेरच्यांना विकायच्या घरांची, दुपटीहून उंच. ५१ टक्के संमती लागते आणि आमच्याकडे आत्ता पारडं अगदी मध्यावर आहे.

ऑगस्ट २०२५ मध्ये वरळीच्या बीडीडी चाळीतल्या ५५६ कुटुंबांना चाळीस मजली इमारतीतल्या घरांच्या चाव्या मिळाल्या. १६० चौरस फुटांच्या खोलीतून थेट ५०० फुटांत. तेव्हापासून आमच्या गॅलरीत दुसरा विषय नाही. आईला सही करायची आहे, बाबांना नाही. मी अजून केलेली नाही.

घर कसं मिळालं यापेक्षा राहायला गेल्यावर काय झालं ते कळायला हवंय. पाणी, लिफ्ट, मेंटेनन्स, म्हातारी माणसं, शेजार. शेजारी टॉवर उभा राहिल्याने ज्यांचं काही बदललं त्यांनीही लिहा. विकासकांची नावं कृपया नकोत, अनुभव हवाय.

अकरावा_मजला_प्रभादेवी

सहा वर्षं झाली नव्या घरात. मी एकच गोष्ट लिहिते. संडास घरात आला.

आमच्या मजल्यावर अठरा खोल्यांना चार संडास, त्यातला एक कायम तुंबलेला. सकाळी बादली घेऊन रांगेत उभं राहायचं, ओळखीच्या प्रत्येक माणसासमोर. माझी आई संध्याकाळी सातनंतर पाणी प्यायची नाही. ही तिची आयुष्यभराची सवय होती आणि त्यामागचं कारण मला माझ्या बाळंतपणात समजलं. आठव्या महिन्यात रात्री तीन-तीनदा उठून लांबच्या टोकाला जायचं, दिवा गेलेला, खाली ओल. नवऱ्याला किती वेळा उठवणार?

चाळ पाडू नका म्हणणाऱ्या माझ्या दिरांना मी एकदाच विचारलं, भावोजी, रात्री दोन वाजता तुम्ही कधी कोणाला सोबतीला उठवलंय का? त्यांनी नंतर सही केली.

शेजार तुटला, हे खरं आहे. मलाही त्याचं वाईट वाटतं. पण तुमच्या आईला सही का करायची आहे, ते तिला एकटीला बसवून विचारा.

माजी_सेक्रेटरी

मी आमच्या रिहॅब इमारतीचा, म्हणजे मूळ चाळकऱ्यांसाठी बांधलेल्या इमारतीचा, पाच वर्षं सेक्रेटरी होतो. परळ, तेवीस मजले. मेंटेनन्सवर लिहितो, कारण माझ्या डोळ्यांसमोर लोक यामुळे घर सोडून गेले.

चाळीत आम्ही महिन्याला शंभरच्या आत भाडं द्यायचो. टॉवरमध्ये विकासकाने पहिली तीन वर्षं खर्च उचलला, त्यामुळे कोणाला झळ लागली नाही. चौथ्या वर्षी पहिलं बिल आलं, ३,८०० रुपये. लोक माझ्या दारात जमले. मी प्रत्येकाला कागद दाखवला. तीन लिफ्टचा देखभाल करार, पाणी वर चढवणाऱ्या पंपाचं वीजबिल, आगीसाठीचा वेगळा पंप, त्याची तपासणी, जनरेटरचं डिझेल, तीन पाळ्यांचे वॉचमन, सांडपाण्याचा प्लांट. तळ अधिक तीनच्या चाळीत यातलं काहीच नसतं. उंची वाढली की हा खर्च येतोच, तुम्ही लिफ्ट वापरा नाही तर नका वापरू.

निवृत्त गिरणी कामगाराला पेन्शन मिळते ती हजार-दोन हजाराची. तो कुठून भरणार? आमच्याकडची वीस-बावीस घरं पाच वर्षांत भाड्याने गेली किंवा विकली गेली. माणसं बदलापूर, विरारला गेली. घर मिळालं, वस्ती गेली.

म्हणून सही करण्याआधी हे बघाच. कॉर्पस फंड, म्हणजे पुढच्या देखभालीसाठी विकासकाने द्यायची ठेव, सदस्यामागे किती, तो कोणाच्या खात्यात आणि ताबा देण्याच्या आधी जमा होणार की नंतर. आम्हाला तोंडी 'नंतर देतो' सांगितलं होतं, त्यातले निम्मे अजून यायचेत. बीडीडीच्या घरांना सरकारी योजनेत बारा वर्षांची देखभाल ठरलेली आहे. खासगी पुनर्विकासात ती तुम्हालाच करारात लिहून घ्यावी लागते.

तिसरा_मजला

दादा, हे आमच्या एकाही मीटिंगमध्ये निघालेलं नाही. सगळी चर्चा कार्पेट एरियावर. उद्याच विचारते.

गिरणीवाल्याची_लेक

माझे वडील स्पिनिंग खात्यात होते. १८ जानेवारी १९८२ ला संप सुरू झाला तेव्हा मी चौथीत होते. पुढे आम्ही गावाला गेलो, बाबा परत कामावर गेलेच नाहीत. गिरणी कामगारांसाठीच्या घराचा अर्ज त्यांनी भरला होता. १ मार्च २०२० च्या म्हाडाच्या सोडतीत ३,८९४ घरं निघाली, त्यात आईचं नाव लागलं. २२५ चौरस फूट, साडेनऊ लाख रुपये. बाबा त्याआधीच गेले होते.

घर छोटं आहे, पण आमचं आहे आणि आई रोज सकाळी खिडकी उघडून समोर बघत बसते. बाबांच्या गिरणीच्या जागी आता काचेच्या इमारती आहेत, ती जागा तिला अजून बोटाने दाखवता येते.

टॉवर चांगला की वाईट असा वाद मी ऐकते तेव्हा मला राहवत नाही. १९९१ च्या नियमात गिरण्यांच्या जमिनीचे ढोबळ तीन भाग होते, एक शहराच्या मैदानांना, एक म्हाडाच्या घरांना, एक मालकाला. २००१ मध्ये त्या नियमाचा अर्थच बदलला. वाटणी फक्त मोकळ्या पडलेल्या जमिनीची, शेड उभी असलेल्या जमिनीची नाही. आणि गिरणी म्हणजे बहुतेक शेडच. २००६ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही तो बदल मान्य केला. आमच्या वाट्याची शेकडो एकर जमीन त्या एका शब्दाच्या अर्थात आटली. आमचं भांडण उंच इमारतीशी कधीच नव्हतं. आम्हाला तो तिसरा वाटा हवा होता. आईसारखे लाखावर अर्जदार अजून वाट बघतायत.

डिलाईल_रोड_दुसरा_मजला

मी टॉवरमध्ये राहत नाही. टॉवर माझ्या खिडकीसमोर राहतो.

पूर्वी डिसेंबरात सकाळी नऊ ते अकरा ऊन स्वयंपाकघरात यायचं. आता येत नाही. पापड गच्चीवर नेऊन वाळवतो, पावसाळ्यात कपड्यांना चार-चार दिवस कुबट वास. पायाचं काम चालू होतं तेव्हा आमच्या जिन्याला तडा गेला. त्यावर आम्ही काचेची पट्टी चिकटवली, ती दोन महिन्यांत फुटली, म्हणजे तडा वाढत होता. तक्रार केली, माणूस आला, फोटो काढून गेला. दुरुस्ती आम्ही वर्गणी काढून केली.

आणि गर्दी. गिरणीच्या पाळ्या होत्या तेव्हा माणसं तीन वेळांना विभागलेली होती, शिवाय बरीचशी चालत घरी जायची. आता सगळी ऑफिसं एकाच वेळेला सुटतात. २९ सप्टेंबर २०१७ ला एल्फिन्स्टन रोड स्टेशनच्या पादचारी पुलावर २३ माणसं चेंगरून गेली, त्या सकाळी माझा भाऊ मागच्या गाडीत होता. घरांचे मजले वाढवायला परवानगी मिळते, तिच्याबरोबर पूल, गटार, पाण्याची लाइन किती वाढली हा हिशोब कोणीतरी दारावर लावायला हवा. तुमच्या मीटिंगमध्ये शेजारच्या इमारतींनाही बोलवा, ही माझी विनंती.

एकेचाळिसावा

मी विक्रीच्या इमारतीत घर घेतलंय, कर्ज काढून. इथे माझी बाजू थोडी वेगळी आहे.

वरून समुद्र दिसतो, हवा आहे, मे महिन्यातही पंखा पुरतो. पावसाळ्यात वारा खिडकीच्या फटीतून शिट्टी घालतो, पहिल्या वर्षी माझी मुलगी झोपायची नाही. हे सवयीने जातं.

दोन गोष्टी सवयीने गेल्या नाहीत. पहिली म्हणजे भिंत. आमची इमारत आणि मूळ चाळकऱ्यांची इमारत यांच्यामध्ये भिंत आहे, गेट वेगळं, बाग आमच्या बाजूला. मुलगी शाळेत ज्या मैत्रिणीशेजारी बसते ती भिंतीपलीकडे राहते. दोघींना भेटायला रस्त्याने वळसा घालावा लागतो. ती जमीन त्यांची होती म्हणून आमचं घर उभं राहिलं. मी सोसायटीत त्या भिंतीत ये-जा करायला दार ठेवण्याचा ठराव मांडला, नामंजूर झाला. पुन्हा मांडणार आहे. तुम्ही नकाशातच ही भिंत शोधा. एकदा बांधली की हलत नाही.

दुसरी म्हणजे आग. साधारण दर सात मजल्यांनी रेफ्यूज एरिया असतो, आग लागली तर तिथे थांबायचं आणि अग्निशमन दलाने तिथून बाहेर काढायचं. आमच्याकडे एकदा धूर झाला, आम्ही जिन्याने उतरलो तर रेफ्यूजला कुलूप. आत लग्नाच्या खुर्च्या आणि जुने पलंग. त्या दिवशी काही झालं नाही. आता किल्लीच ठेवलेली नाही, कुलूपच काढलंय, आणि दर महिन्याला मी स्वतः जाऊन बघतो.

टोपलीवालीची_मुलगी

आई मासळी विकते, वरळी कोळीवाड्यातून. तीस वर्षांची तिची गिऱ्हाइकं सगळी चाळीतली. टोपली डोक्यावर घेऊन चारही मजले फिरायची, गॅलरीत बसून बांगडे साफ करून द्यायची, चहा तिथेच व्हायचा. कोणाकडे काय शिजतं, कोणाच्या घरी आजारपण, तिला सगळं ठाऊक.

टॉवर झाल्यावर गेटवर नाव लिहा, वर फोन लावा, सामानाची लिफ्ट येईपर्यंत थांबा. एकदा लिफ्टमध्ये पाणी सांडलं म्हणून मासळीला बंदीच केली. आई भांडली नाही. ती गेटबाहेर फुटपाथवर बसायला लागली आणि जुन्या बायका खाली यायला लागल्या. ज्यांना गुडघ्यामुळे येता येत नाही त्या पिशवीला दोरी बांधून सोडणार कशा, अठरा मजल्यांवरून? त्यांची मासळी सुटली.

तुमच्या करारात फेरीवाल्या बायकांसाठी तळमजल्यावर नळ आणि ओटा एवढं लिहून घेता आलं तर बघा. दोन फरशांचं काम आहे.

सिंगापूरचा_पाहुणा

नोकरीसाठी अकरा वर्षं सिंगापूरला आहे, मूळचा नायगावचा. इथे बहुतेक लोक सरकारी मंडळाने बांधलेल्या उंच इमारतींत राहतात, पन्नास मजल्यांच्याही आहेत. ज्या गोष्टीने मला नायगाव आठवतं ती म्हणजे तळमजला.

जुन्या इमारतींचा तळमजला मोकळा ठेवलेला आहे. घरं नाहीत, पार्किंग नाही, नुसते खांब आणि सावली. त्याला व्हॉइड डेक म्हणतात. दगडी टेबलांवर म्हातारे बुद्धिबळ खेळतात. मलय कुटुंबांची लग्नं तिथे लागतात, चिनी कुटुंबांत कोणी गेलं तर अंत्यविधीचा मंडप तिथेच. शेजारी कोण, हे कळायला ती एक जागा पुरते. पूर्वी लिफ्ट प्रत्येक मजल्यावर थांबत नसे, म्हाताऱ्यांचे हाल व्हायचे. तेही सरकारने २००१ पासून टप्प्याटप्प्याने सुधारलं.

आपल्याकडे तळाचे सहा-सात मजले गाड्यांचे असतात आणि माणसं त्याच्यावर. लालबागच्या चाळीचा गणपती पोडियमवर लिफ्टने चढवायचा? तो रस्त्यावरून दिसायला हवा. नकाशा अजून कागदावर आहे तोवर तळमजला मागून घ्या.

बाणेरकर

पुण्यातून दोन ओळी. बावीस मजले, नदीपासून हाकेच्या अंतरावर, आणि मार्च ते जून टँकर. पाण्याचं लेखी काय आहे ते बघा, जाहिरातीतलं नको.

तिसरा_मजला

सगळ्यांचे मनापासून आभार. काल मीटिंग झाली. कॉर्पस, तळमजला, भिंत, ओटा, चारही मुद्दे लेखी दिले. विकासकाच्या माणसाने तळमजल्याला लगेच नाही म्हटलं, बाकीच्यांवर पंधरा दिवसांत उत्तर देतो म्हणाला. बाबा पहिल्यांदाच शेवटपर्यंत बसले. उत्तर कागदावर येईपर्यंत आमच्या मजल्यावर कोणी सही करणार नाही, असं ठरलंय. आईसुद्धा हो म्हणाली, पण मला म्हणाली, फार ताणू नका, माझे गुडघे थांबायचे नाहीत.

एक राहिलंय. माझी आजी शहाऐंशी वर्षांची आहे. दिवसभर कठड्याशी बसून असते. तिचं तिथे कसं होईल? कोणी म्हातारं माणूस घेऊन गेलंय का?

सोळावा_मजला_शिवडी

आम्ही सासूबाईंना नेलं, ब्याऐंशीच्या होत्या. पहिले तीन महिने वाईट गेले. दार लावलं की त्या उठून उघडायच्या. मग आम्ही मजल्यावरच्या पाच घरांनी ठरवलं, दुपारी चार ते सात सगळ्यांची दारं उघडी. लिफ्टसमोर जाण्यायेण्याची वाट मोकळी सोडून त्यांची खुर्ची ठेवली. येणारा-जाणारा दोन शब्द बोलतो. मुलांची शाळेतून यायची वेळ त्यांना पाठ आहे, कोणी उशिरा आलं तर त्याच विचारतात.

लिफ्टची त्यांना भीती होती. बटणावरचा आकडा दिसायचा नाही. आमच्या मजल्याच्या बटणावर लाल टिकली चिकटवली. बांधकाम होईपर्यंत तुम्ही ट्रान्झिटच्या, म्हणजे तात्पुरत्या भाड्याच्या घरात जाल तेव्हा शक्य असेल तर लिफ्टचीच इमारत बघा, म्हणजे आजींना तिथेच सवय होईल. आणि आधी एकदा नुसतं वर-खाली करून आणा, कुठे जायचं नसताना.