आमचं कुटुंब ग्रुप: ॲमस्टरडॅमची तिकिटं

मंजू: चौथ्यांदा विचारतेय. डायरी लिहिणाऱ्या ॲन फ्रँकच्या घराला कोण कोण येणार? दारात तिकीट मिळत नाही. दर मंगळवारी इथल्या सकाळी १० ला, म्हणजे तुमच्या दुपारी १:३० ला, सहा आठवड्यांनंतरची तिकिटं ऑनलाइन सुटतात आणि बघता बघता संपतात. उद्या मंगळवार आहे.

विनूकाका: सुप्रभात 🙏 ट्यूलिपची बाग यादीत दिसत नाही.

मंजू: काका, ती मेच्या मध्यापर्यंतच उघडी असते. तुम्ही येताय ऑगस्टमध्ये. एप्रिलमध्ये या म्हणून मी कधीपासून सांगत होते.

सुमनआत्या: एप्रिलात सानिकाची परीक्षा होती. सगळ्यांना माहीत आहे. पुन्हा तो विषय नको.

निखिल: काका, सिंगेल कालव्यावरच्या फूलबाजारात लाकडी ट्यूलिप बारा महिने मिळतात 😄

विनूकाका: मोठ्यांची चेष्टा पुरे. बोटीतून कालवे फिरलं की शहर बघून होतं. पॅरिसला म्युझियम म्युझियम करून पाय गेले.

सुमनआत्या: विनू, पॅरिसला रोज लॉबीत तुझी वाट बघूनच आमचे पाय गेले.

मंजू: बोट आहेच. पण रायक्सम्युझियम सोडायचं नाही. रेम्ब्राँटचं ‘नाइट वॉच’ हे चित्र, १६४२ चं. १७१५ मध्ये नगरभवनाच्या भिंतीवर मावेना म्हणून चारी बाजूंनी कापलं, हो, कापलं! २०१९ पासून काचेच्या खोलीत, लोकांच्या देखत त्याची तपासणी आणि डागडुजी चाललीय. आणि आजी, तिथे आपला चोळकालीन नटराजही आहे. पाच फुटांचा, आतून भरीव.

आजी: मला नटराज बघायचाय.

मंजू: नक्की. आता मंगळवार, दुपारी १:३०. नावं?

विनूकाका: रिकाम्या खोल्या बघायला एवढी धावपळ कशाला?

मंजू: काका, खोल्या रिकाम्याच आहेत, ॲनच्या वडिलांनीच तशा ठेवायला सांगितल्या. पुस्तकांच्या कपाटामागून आत जायचं. महायुद्धात दोन वर्षं आठ माणसं तिथे नाझींपासून लपली होती. भिंतीवरच्या कागदावर पेन्सिलीच्या बारीक रेघा आहेत. मुलींची उंची मोजलेली. ॲन तिथे १३ सेंटिमीटरहून जास्त वाढली. मी दोनदा गेलेय, दोन्ही वेळा त्या रेघांपाशीच थांबले.

(बराच वेळ कुणीच काही लिहिलं नाही.)

आजी: आपल्या वाड्यात माजघराच्या चौकटीवर विनूच्या रेघा होत्या. रंग देताना गेल्या.

सुमनआत्या: माझ्याही होत्या, आई.

आजी: हो गं. तुझ्या डाव्या बाजूला.

मंजू: आजी, तिथले जिने फार उभे आहेत. तू आणि मी शेजारच्या वेस्टरकेर्क चर्चपाशी बसू. त्याच्या घंटा ॲनला आतून ऐकू यायच्या.

निखिल: मी आणि सानिका, दोन.

सुमनआत्या: मी तीन.

विनूकाका: चार कर. पण सकाळी ९ चं घेऊ नकोस.

मंजू: ११ नंतरचं बघते. उद्या दीडला सगळे फोनजवळ राहा, एकाला जरी मिळालं तरी लगेच इथे टाका.