घर आत्ता घ्यावं की थांबावं? काहीच ठरत नाहीये

सांजवेळ:
नमस्कार मंडळी. आम्ही दोघं नोकरी करतो, एक मुलगी आहे, भाड्याच्या घरात राहतो. डाउन पेमेंटपुरते पैसे साठलेत आणि हल्ली रोज रात्री जेवणं झाली की आमच्याकडे हाच एक विषय. बाजाराचा काही भरवसाच वाटेना. मध्यंतरी भाव इतके चढले की एजंट म्हणायचा आज टोकन दिलं नाहीत तर उद्या फ्लॅट गेला समजा, आणि आता त्याच बिल्डिंगमधले फ्लॅट कितीतरी दिवस तसेच पडून आहेत आणि तोच एजंट स्वतःहून फोन करून "तुम्ही आकडा सांगा, बसून बोलू" म्हणतोय. व्याजदराचं पण तेच, कधी वर कधी खाली. बाबा म्हणतात भाड्याचे पैसे पाण्यात चाललेत, घेऊन टाका. नवरा म्हणतो अजून पडतील, थांबू. मला दोघांचंही पटतं आणि तिथेच गाडी अडते. घेतलं आणि भाव कोसळले तर सगळी बचत गेली, नाही घेतलं आणि परत चढले तर मग कधीच परवडणार नाही. अशा वेळी तुम्ही कसं ठरवलंत?

गुणाकार:
तळ कुठे आहे हे त्या वेळी कोणालाच कळत नाही हो. अमेरिकेत भाव २००६ च्या सुमारास शिखरावर होते, तळ लागला २०१२ च्या आसपास. हाँगकाँगला १९९७ ते २००३ मध्ये भाव निम्म्याहून खाली आले. जपानमध्ये तर १९९१ नंतर शहरी जमिनीचे भाव दहा वर्षांहून जास्त काळ उतरतच राहिले. म्हणजे "घराचा भाव कधी पडत नाही" हे साफ चूक, पण वर्षभर थांबलं की तळाला मिळेल हेही तितकंच बेभरवशाचं.

आता भीती कशाची ते नीट बघा. समजा तुम्ही २० टक्के स्वतःचे घातले आणि ८० टक्के कर्ज. भाव २० टक्के पडला की तुमचा हिस्सा कागदावर जवळपास शून्य. पण तुम्ही तिथे राहताय, हप्ता जातोय, तर त्या दिवशी काहीच होत नाही. खरी वाट लागते ती पडत्या बाजारात विकायची वेळ आली तर. नोकरी गेली, बदली झाली, आजारपण आलं, मग घर विकूनही कर्ज फिटत नाही आणि वरचे पैसे खिशातून भरावे लागतात. म्हणून भाव कुठे जाणार यापेक्षा पुढची सात-आठ वर्षं तुम्ही त्याच घरात राहणार का, हे आधी दोघांनी बसून बोला.

कोरापाट:
वरच्या प्रतिसादाला +१, पण मला भावापेक्षा व्याजदराची जास्त काळजी वाटते कारण त्याचा फटका घर न विकताही बसतो. २० वर्षांचं कर्ज ८ टक्क्यांनी घेतलं तर पहिल्या हप्त्यातला ८० टक्के भाग नुसतं व्याज असतं, आणि पाच वर्षं इमानेइतबारे भरूनही मूळ कर्जातलं साधारण साडेबारा टक्केच फिटलेलं असतं. आता फ्लोटिंग रेट असेल आणि सुरुवातीलाच दर ९ झाला, हप्ता तोच ठेवला, तर २० ची २५ वर्षं होतात. १० झाला तर ५० च्या वर जातात! कारण तो हप्ता जेमतेम व्याजालाच पुरतो. बँक तसं होऊ देणार नाही, हप्ता वाढवेल, साधारण १५ टक्क्यांनी. तर आजच्या दराने परवडतंय का हे बघूच नका, दोन टक्के जास्त धरून बघा, आणि तेही एकाच्या पगारावर किती महिने निभेल ते. डाउन पेमेंट करून खातं रिकामं होत असेल तर माझं मत स्पष्ट आहे, घेऊ नका.

पायरी:
भाडं पाण्यात जातं हे मला कधीच पटलेलं नाही. व्याज, मेंटेनन्स, कर, दुरुस्ती हेही परत येत नाही. वर्षाचं भाडं एका बाजूला आणि हे सगळं दुसऱ्या बाजूला मांडा, बाबांनाही दाखवा. पण ताई, मालकाने खाली करा म्हटलं की मुलीची शाळा, मैत्रिणी सगळं हलतं, त्याचा त्रास आकड्यात येत नाही. त्याला तुमच्या लेखी किती किंमत आहे ते तुम्हीच ठरवा.

आणि बाजार थंड असताना एक फायदा असतो, निवांत बघता येतं. रंगवलेल्या घरात एकच भिंत जास्त ताजी दिसली तर हात लावून बघा, तिच्यामागे बाथरूम आहे का बघा. सिलिंगच्या कोपऱ्यात पोपडे आहेत का, वरच्या मजल्यावरून पाणी येतं का ते खाली राहणाऱ्यांना विचारा, ते खरं सांगतात. सॅम्पल फ्लॅटवर जाऊ नका, तिथे दारं काढून आणि छोटे बेड टाकून खोल्या मोठ्या दाखवतात. टेप घेऊन जा. गरम बाजारात हे करायला कोणी वेळच देत नाही.

सांजवेळ:
खूप आभार सगळ्यांचे. दोन टक्के वाढवून हिशोब केला, दोघांच्या पगारात बसतंय, एकाच्या पगारात ओढाताण आहे. नवऱ्याच्या कंपनीत सध्या कपातीची कुजबुज चालू आहे, त्यामुळे तेच मोठं कारण वाटतंय. लहान फ्लॅट घेतला तर?

कोरापाट:
लहान चालेल, पण मुलगी मोठी झाल्यावर तीन-चार वर्षांत बदलावा लागेल असा नको, मग परत विकायचा प्रश्न आलाच. कपातीचं चित्र स्पष्ट होईपर्यंत भाड्यातच रहा आणि ठरलेल्या हप्त्याएवढी रक्कम दर महिन्याला बाजूला टाकत जा. खरंच जमतंय का तेही कळेल आणि डाउन पेमेंटही वाढेल.

सांजवेळ:
हे पटलं. या महिन्यापासूनच सुरू करतो. घरं बघणं मात्र थांबवत नाही, रविवारी एक बघायचंय, टेप घेऊन जाते.